प्राणिवर्तनाचे अध्यापन साहित्य बदलता येईल अशा रूपात द्यावे

प्राणिवर्तन शिकवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांकडे स्वतः तयार केलेले पुष्कळ साहित्य असते: प्रॅक्टिकलसाठी आखलेले निरीक्षण-तक्ते, वर्तनसूची (प्राण्याच्या निरनिराळ्या वर्तनांची व्याख्यांसह यादी), प्रश्नसंच, विद्यार्थ्यांनी मोबाइलवर टिपलेल्या चित्रफिती. ते एकाच विभागाच्या संगणकात पडून राहते आणि शेजारच्या तालुक्यातला नवा प्राध्यापक तेच काम पहिल्यापासून करतो. हे साहित्य सर्वांसाठी खुले व्हावे, अशी माझी तळमळ आहे. मात्र ज्यात एक ओळही बदलता येत नाही अशी पीडीएफ पाठवून हे काम पूर्ण होत नाही.

प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये मांडलेले चार प्रश्न, म्हणजे एखादे वर्तन कशामुळे घडते, ते आयुष्यात कसे विकसित होते, त्याचा उपयोग काय आणि ते कसे उत्क्रांत झाले, हे सगळीकडे शिकवले जातात. पण सोबतची उदाहरणे बहुधा स्टिकलबॅक मासा आणि हेरिंग गल हा समुद्रपक्षी यांची असतात. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातल्या विद्यार्थ्याला हेच प्रश्न टिटवीविषयी विचारता येतात, कारण उघड्या जमिनीवरच्या अंड्यांजवळ कोणी आले की ती कशी ओरडत घिरट्या घालते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. तक्ता बदलता येण्याजोगा असेल, तर माशाच्या जागी टिटवी घालायला एक दुपार पुरते.

पद्धतीचे धडे तर आवर्जून वाटून घ्यावेत. प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांच्या १९७४ च्या शोधनिबंधाने वर्तनाच्या नोंदींना शिस्त लावली. गावच्या वडावरची वानरटोळी पाहायला विद्यार्थ्यांना पाठवले आणि 'जे दिसेल ते लिहा' एवढेच सांगितले, तर वहीत भांडणे, उड्या आणि पाठलागच भरतात, कारण नजर तिकडेच जाते. त्याऐवजी दर दहा मिनिटांनी दिसणारे प्रत्येक वानर त्या क्षणी काय करते आहे एवढेच टिपायला लावले, की स्वस्थ बसणे आणि पाला खाणे यांचा खरा वाटा कागदावर येतो. हा फरक विद्यार्थ्याला व्याख्यानातून पटत नाही. दोन्ही प्रकारच्या कच्च्या नोंदी शेजारी ठेवल्या की लगेच पटतो. म्हणून तयार आलेखांपेक्षा अशा कच्च्या नोंदी, त्यांतल्या खाडाखोडीसह, मला अधिक मोलाच्या वाटतात.

परवान्याचा उल्लेख न करता साहित्य दिले, तर घेणारा संकोचतो. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने साहित्य खुले वाटण्यासाठी तयार केलेल्या परवान्यांपैकी फक्त श्रेयनिर्देशाची अट असलेला परवाना लावला, की मूळ कर्त्याचे नाव आणि केलेले बदल नमूद करून कोणालाही ते साहित्य बदलता, भाषांतरित करता आणि पुढे देता येते. ज्या परवान्यात रूपांतरित आवृत्ती वाटण्यास मनाई असते, त्याखालील उत्तम इंग्रजी धड्याचे मराठी भाषांतरही आपल्याला परवानगीवाचून वाटता येत नाही. दुसऱ्याच्या माहितीपटातील तुकडे आपल्या स्लाइडमध्ये असतील, तर ते देण्यापूर्वी काढावेत आणि तिथे विद्यार्थ्यांच्या चित्रफिती त्यांच्या संमतीने व नावानिशी वापराव्यात.

टिटवी आणि वानर यांचे तक्ते मी श्रेयनिर्देशाच्या परवान्याने, वर्डच्या फाइलमध्ये, मराठी व इंग्रजी मजकुरासह देत आहे. सारसाच्या जोडीच्या हाकांसाठी असा तक्ता कोणी आखला असेल, तर तो अवश्य पाठवावा. आमच्याकडच्या विद्यार्थ्यांना त्याची फार गरज आहे.