स्ट्रीमरची नोंद ३: तंबोऱ्याखालची घूं गेली

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की रास्पबेरी पाय 4 (छोटासा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय') वर मूड ऑडिओ हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर टाकलं, यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा स्पीकरजोगा सिग्नल करणारी डबी) जोडला, आणि घरच्या नेटवर्कवरून गाणी वाजवणारा स्ट्रीमर गायला लागला; पण गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक घूं येते. ती परवा गेली. कारण भलतंच निघालं, म्हणून सविस्तर लिहितोय.

चाचणीला मी तंबोराच लावतो. शेजारच्या ताई गाणं शिकवतात. त्यांचा मिरजेत घडवलेला तंबोरा आमच्याच हॉलमध्ये बसून दहा मिनिटं रेकॉर्ड केलाय आणि फ्लॅक फाईलमध्ये (यात आवाजातलं काही गळत नाही) ठेवलाय. तंबोऱ्याइतकी कडक परीक्षा मला दुसरी माहीत नाही. घोडीवर तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकला तरी जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा झंकार, बदलते. सिस्टीमने त्यात जराही भर घातली की लगेच कळतं.

ताईंना ऐकवलं तर अर्ध्या मिनिटात म्हणाल्या, "दादा, खाली हा कुठला सूर धरलाय? ना तीव्र मध्यम, ना पंचम."

मी हिशोब केला. त्यांचा सा पेटीच्या काळी एकचा, म्हणजे साधारण 138.6 हर्ट्झ. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि विजेची घूं बऱ्याचदा तिच्या दुपटीवर, म्हणजे 100 वर, ऐकू येते. मंद्र सप्तकात 100 हर्ट्झ बरोबर तीव्र मध्यम आणि पंचमाच्या मधे पडतो! मी नुसती 'घूं' म्हणत होतो, त्यांनी तिची जागा सांगितली.

विजेचा सूर म्हणून आधी संशय ॲडॅप्टरवर घेतला. पाय पॉवर बँकवर चालवला, घूं तशीच. डॅकपासून अँप्लिफायरपर्यंतची आरसीए केबल बदलून पाहिली, तरी तशीच. मग तंबोरा चालू असताना सहज नेटवर्कची केबल उपसली. घूं त्या क्षणी बंद, आणि तंबोरा मात्र बफरमधून वीसेक सेकंद वाजत राहिला. ते वीस सेकंद मी जागचा हललो नाही. खर्जाची तार विरत जाताना शेवटपर्यंत ऐकू येत होती.

कारण असं. गाणी साठवलेला कॉम्प्युटर आतल्या खोलीत, तीन पिनी प्लगवर. अँप (अँप्लिफायर) हॉलमध्ये, तोही तीन पिनी. मी हौसेनं शील्डवाली (आत धातूचं आवरण असलेली) नेटवर्क केबल ओढली होती आणि मधला स्विचही धातूच्या डब्याचा. त्यामुळे शील्डमधून, पायमधून, डॅकमधून दोन्ही अर्थिंग एकमेकांना जोडली गेली, वळसा पूर्ण झाला आणि त्यातून विजेची घूं स्पीकरपर्यंत पोचली. साध्या इथरनेट केबलमध्ये हे होत नाही, कारण पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. तो सिग्नल जाऊ देतो, थेट विद्युत जोडणी होऊ देत नाही. प्लॅस्टिकच्या टोकाची, बिनशील्डची कॅट 6 टाकली आणि काम झालं. घरात केबल ओढायची तर हीच घ्या. अँपची अर्थिंगची पिन काढून घूं घालवायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका, जिवावर बेतेल.

बाकी किरकोळ: आलाप आणि बंदिश वेगळ्या ट्रॅकवर असलेल्या सीड्या आता मधे न अडखळता सलग वाजतात. टॅगमध्ये 'राग' असा वेगळा रकाना घातलाय, पण शंभरेक अल्बम अजून भरायचेत.

पुढचं काम पाय इन्व्हर्टरवर घेण्याचं. पावसाळ्यात वीज अचानक जाते, आणि लिहिणं चालू असताना गेली तर एसडी कार्ड बिघडू शकतं. ताई रविवारी तंबोरा घेऊन येणार आहेत. फाईल आणि खरा, दोन्ही लागोपाठ ऐकायचे आहेत.