सुईपासून डोळ्यापर्यंत सोळा इंच

चाळीस नेव्ही ब्लू पँटींना मी काळ्या दोऱ्याने टीप मारली होती. माल परत आला तेव्हा मला ते पटेना. सुनेने एक पँट उचलली, दारात उन्हात धरली आणि म्हणाली, "आई, कापड निळं हाय बघा, दोरा काळा हाय." मला उन्हातही दोन्ही एकच दिसत होते.

मी तीस वर्षं घरी बसून शाळेचे गणवेश शिवते. सोलापुरात चादरीसारखंच गणवेशाचं कामही गल्लोगल्ली चालतं, आणि या कामात रंग चुकला की सगळंच चुकलं. त्या चाळीस पँटी उसवून पुन्हा शिवायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी डोळे दाखवायला गेले.

खरं तर खुणा दोन वर्षांपासून होत्या. संध्याकाळी सात रस्ता चौकात समोरून गाडी आली की दिव्याभोवती नुसता भडका दिसायचा. चष्म्याचा नंबर लहानपणापासून उणे तीन होता, तो वर्षात दोनदा बदलून उणे सव्वापाचवर गेला. तरी चष्मा काढून, सुई नाकाजवळ धरून मी दोरा ओवत होते, म्हणून डोळे चांगले आहेत असंच धरून चालले. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हाही मोतीबिंदूच. डोळ्यातल्या भिंगाचा मधला भाग कडक आणि पिवळा होत जातो, त्याने उणे नंबर वाढतो, जवळचं दिसत राहतं आणि निळा रंग मारला जातो. माणूस फसतो तो इथंच.

पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेले तिथं तपासणीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं आणि एका मुलीने डोळ्यात बसवायच्या लेन्सचा तक्ता समोर ठेवला. साधी लेन्स, भारी लेन्स, सगळ्यात भारी लेन्स. "ही घेतली की चष्मा कायमचा जाईल, काकू." पैसे किती, कधी भरायचे, सगळं सांगितलं. मी दिवसभर काय करते, हे मात्र कुणी विचारलं नाही. मी हो म्हणून घरी आले, पण रात्री झोप लागेना. चष्मा जाईल म्हणजे लांबचं दिसेल. मग सुईचं काय?

आमच्या ह्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खुर्चीत बसवल्या बसवल्या पहिला प्रश्न केला, "मावशी, दिवसभर काय काम असतं?" मी शिवणकाम सांगितलं. ते म्हणाले, "घरी मशीनवर नेहमीसारखं बसा, डोळ्यापासून सुईपर्यंत टेप लावा आणि मला आकडा सांगा." नातवाने टेप धरली. सोळा इंच आले.

हाच आकडा माझ्या ऑपरेशनचा पाया ठरला. ऑपरेशनमध्ये आपलं गढूळ झालेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात, आणि साध्या भिंगाला एकच अंतर स्पष्ट दिसतं. बहुतेकांना लांबचं अंतर देतात आणि वाचायला चष्मा लावतात. पण माझ्यासारखी जन्मभर चष्मा काढून जवळचं काम करणारी बाई त्याने अडून बसली असती. डॉक्टरांनी उणे अडीच नंबर मुद्दाम शिल्लक ठेवायचं सुचवलं. त्याने चाळीस सेंटीमीटरवर, म्हणजे जवळपास सोळा इंचावर, चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं. रस्त्यावर चालायला चष्मा लागणार, हेही त्यांनी आधीच सांगितलं. सगळ्यात भारी लेन्सबद्दल विचारलं तर म्हणाले, ती उजेड वाटून देते, त्यामुळे रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात आणि काळ्या कापडावरचा काळा दोरा ओळखणं थोडं अवघड जातं. ज्यांना चष्मा नकोच असतो त्यांच्यासाठी ती चांगली, माझ्या कामाला नाही.

जाऊबाई म्हणत होत्या, मोतीबिंदू अजून पिकू दे, आणि केलंच तर थंडीत कर. पूर्वीच्या काळी तसं थांबत. आता थांबायची गरज नाही. उलट फार पिकला तर भिंग दगडासारखं होतं, फोडायला जास्त ताकद लागते आणि कधी मोठा छेद घ्यावा लागतो. ऋतूचाही काही संबंध नाही. मी दसऱ्यानंतरचा आठवडा धरला, कारण गणवेशाचं काम तेव्हा कमी असतं.

आधीच्या तपासण्यांना अर्धा दिवस जातो. डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलवा यंत्रावर मोजतात, त्यावरून भिंगाचा नंबर निघतो. बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा बघतात. त्यानंतर काही तास अंधूक दिसतं आणि ऊन सहन होत नाही, म्हणून सोबत माणूस हवाच. अश्रूच्या वाटेत पाणी सोडून बघतात, तेव्हा घशात खारट लागतं. साखर, रक्तदाब, ईसीजी. चालू असलेली सगळी औषधं सांगायची, पूर्वी घेऊन थांबवलेलीसुद्धा. ह्यांना प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू आहे. त्या गोळीने बाहुली सैल पडते आणि ऑपरेशनात अडचण येते, हे तिथंच कळलं. रक्त पातळ करणारी गोळीही विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

त्या दिवशी सकाळी डोक्यावरून अंघोळ करून गेले, कारण पुढं काही दिवस केसांना पाणी नाही. दर थोड्या वेळाने थेंब. मला इंजेक्शन लागलं नाही, थेंबांनीच डोळा बधिर झाला. काहींना डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देतात. आत नेल्यावर तपकिरी औषधाने डोळा आणि भोवतालची कातडी धुतली, तोंडावर कापड टाकलं, हवेसाठी नळी ठेवली. पापण्यांना चिमटा लावतात, म्हणून "डोळा मिटला तर काय" ही माझी दोन रात्रींची काळजी एका क्षणात गेली. वर दिव्याकडे बघत राहायचं. टोचत काही नाही. दाबल्यासारखं होतं, गार पाणी वाहतं, यंत्र गुणगुणतं. ते यंत्र ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेतं. मला गुलाबी, मग निळा, मग पांढरा रंग एकमेकांत मिसळताना दिसले. खोकला येतोय असं वाटलं की हलायच्या आधी तोंडाने सांगायचं, एवढंच त्यांनी दोनदा बजावलं होतं. तीन मिलिमीटरपेक्षाही लहान छेदातून गुंडाळलेलं भिंग आत जातं आणि तिथं उलगडतं. टाका नाही. पाऊण तासात मी बाहेर चहा पीत होते, त्यातलं ऑपरेशन फार तर वीस मिनिटांचं.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की डोळ्यात असं भिंग पहिल्यांदा १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिक काचेचे तुकडे घुसले होते. ते आत राहूनही डोळा त्यांना नाकारत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या जखमी पोरांचा विचार माझ्या मनात बरेच दिवस राहिला.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा सगळं धुक्यातून दिसलं आणि मी घाबरले. बुबुळाला थोडी सूज असते, ती दोन-तीन दिवसांत उतरते. चौथ्या दिवशी शर्टाचं पांढरं कापड समोर धरून एकेक डोळा झाकला. डाव्या डोळ्याने ते चहाच्या फडक्यासारखं दिसलं, उजव्याने धुवट पांढरं. इतकी वर्षं मी कोणता पांढरा शिवत होते, असं वाटून रडू आलं, आणि लगेच आठवलं की डोळा चोळायचा नाही.

थेंबांचं वेळापत्रक कॅलेंडरवर लिहून ठेवलं. दोन औषधांमध्ये दहा मिनिटं. सुजेचं औषध हळूहळू कमी करत पाच आठवडे चाललं. डोळ्यात पाणी नाही, त्या कुशीवर झोप नाही, जड उचलणं नाही, फोडणीच्या धुरात उभं राहणं नाही. दिवाळीचं तळण सुनेने एकटीने केलं.

सगळ्यात अवघड गेला तो दोन डोळ्यांमधला महिना, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. एका डोळ्याला सोळा इंचावर स्पष्ट, दुसऱ्याला साडेसात इंचावर. जुना चष्मा चालत नव्हता, नवा अजून करायचा नव्हता. जिन्याची पायरी कुठं संपते ते कळायचं नाही, म्हणून हात धरून उतरायचे. दिवाळी झाल्यावर दुसरा डोळा केला. त्याच्या पाचव्या दिवशी लाली आणि दुखणं वाढलं. हे म्हणाले, सोमवारपर्यंत बघू. मी बघितलं नाही, फोन करून त्याच दिवशी गेले. आत सूज वाढली होती, औषध बदलल्यावर उतरली. दुखणं वाढणं, दिसणं कमी होणं, पू, डोळ्यात विजा चमकल्यासारखं होणं, यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही. जंतुसंसर्ग असेल तर एका दिवसानेही डोळा जाऊ शकतो.

चष्मा डिसेंबरअखेर मिळाला. नातेवाईक विचारतात, ऑपरेशन करूनही चष्मा कसा? मी त्यांना सुईत दोरा ओवून दाखवते. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्या चष्म्यातून बघितल्या, पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांची रांग लांबपर्यंत वेगवेगळी दिसली. पुढं काही वर्षांनी भिंगामागच्या पातळ पापुद्र्यावर साय धरू शकते, ती लेझरने काही मिनिटांत काढतात. तो परत आलेला मोतीबिंदू नसतो.

शेजारच्या अक्कांच्या डोळ्यांतही आता मोतीबिंदू सांगितलाय. त्या विड्या वळतात. सरकारी दवाखान्यात फुकट होतं, तिथंच करणार आहेत. काल त्यांच्याकडे टेप घेऊन गेले. मांडीवर सूप, हातात पान, मान नेहमीसारखी खाली. डोळ्यापासून बोटांपर्यंत चौदा इंच भरले. ते मी त्यांच्या केसपेपरच्या मागं मोठ्या अक्षरात लिहून दिलं.