स्वालबार्डची हिमनदी आणि व्हिसावरचा ‘०१’

नॉर्डेनशॉल्ड हिमनदीसमोर बोट थांबली तेव्हा सगळे फोटो काढत होते आणि मी पर्समध्ये हात घालून पासपोर्ट जागेवर आहे ना ते चाचपत होते. तीन महिन्यांत तशी खोडच लागली होती.

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही असं सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. १९२० च्या कराराने उत्तर ध्रुवाजवळचा हा द्वीपसमूह नॉर्वेकडे गेला, तरी तिथे कुणीही जाऊ शकतं. पण विमान सुटतं ऑस्लोहून किंवा ट्रोम्सोहून, म्हणजे शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, आलाच. आणि मेख अशी की नॉर्वे शेंगेनमध्ये आहे, स्वालबार्ड नाही. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन, तिथल्या विमानात बसलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर, परत ऑस्लोला उतरलात की दुसऱ्यांदा आत. त्यामुळे व्हिसा दोन प्रवेशांचा हवा.

मी फॉर्मवर दोनच लिहिलं होतं. पुण्यात व्हिसा केंद्रातल्या मुलीने तिकिटं पाहिली. “मॅडम, ऑस्लो नॉर्वेत, हेही नॉर्वेतच. मग दोन एन्ट्री कशाला? उगाच शंका घेतात ते.” मी समजावायला गेले, तर मागे रांग आणि तिचा आवाज माझ्यापेक्षा ठाम. ह्यांनी हळूच म्हटलं, “अगं, त्यांचं रोजचं काम आहे.” मी दोनवर काट मारली, एक केलं, बाजूला सही केली. इथे चूक माझी, हे कबूल. तरी अजून चरफड होते.

अठरा दिवसांनी पासपोर्ट आले. ‘प्रवेशांची संख्या’ या रकान्यात ०१. म्हणजे स्वालबार्डला जाता येणार, परतताना ऑस्लोत अडकणार! तोवर हॉटेलचे आणि बोटीचे पैसे भरून झालेले, परत न मिळणारे. मी ईमेल केली. आठवड्याने दोन ओळींचं उत्तर: नव्याने अर्ज करा. पुन्हा माणशी ९० युरो, वर केंद्राचे पैसे वेगळे. आणि अपॉइंटमेंट? जुलै जवळ आलेला, सगळे रकाने भरलेले. रोज पहाटे उठून आधी लॅपटॉप, मग चहा. बाराव्या दिवशी एकाने रद्द केलेली वेळ हाती लागली.

या वेळी मी पत्रात तारीखवार लिहिलं: अमुक दिवशी शेंगेनमधून बाहेर, अमुक दिवशी पुन्हा आत. सोबत स्वालबार्डच्या गव्हर्नरच्या संकेतस्थळावरचं पान छापून जोडलं. काउंटरवर तीच मुलगी. मी बोललेच नाही, पान पुढे सरकवलं. तिने वाचलं आणि म्हणाली, “अच्छा, असं असतं का!” निघायच्या पाच दिवस आधी ०२ घेऊन पासपोर्ट परत आले. ह्यांनी ते भिंगातून पाहिलं.

बोटीचं सांगायचं तर, इसफ्योर्ड या खाडीत लाटा असतात, उलटीची गोळी निघायच्या आधीच घ्या. मी घेतली नाही. पुढे बिलेफ्योर्डमध्ये पाणी शांत झालं आणि मग ती हिमनदी समोर आली. पांढरी असेल असं वाटलं होतं, पण भेगांमधून निळी, जुन्या काचेच्या बाटलीसारखी. एक कडा सुटून पाण्यात पडली. पडताना दिसली आधी, गडगडाट मागून आला. खलाशाने जाळीने बर्फ उचलला, लोकांनी त्यावर व्हिस्की घेतली, मी नुसतं पाणी. पलीकडच्या काठाला पिरामिडेन, रशियनांनी १९९८ मध्ये सोडलेलं कोळशाचं गाव.

हो, शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा, जेवण बोटीवरच असतं. व्हिसासाठी प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आणि लाँगइयरब्येनच्या हॉटेलांत बूट दाराशीच काढतात, खाणकामगारांच्या काळापासूनची रीत. तेव्हा मोजे फाटके नकोत.

परतताना ऑस्लोत अधिकाऱ्याने पान उलटलं, शिक्का मारला, “वेलकम” म्हणाला. ०२ कडे त्याने पाहिलं की नाही, देव जाणे. माझ्या पासपोर्टवर आता ऑस्लोचे चार शिक्के आहेत. स्वालबार्डचा एकही नाही. तिथे उतरताना पासपोर्ट कुणी मागितलाच नाही.