पुराला भिऊन घेतलेल्या तीन डब्या

2025 साली इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबरवर गेली आणि अगदी शेवटी आणखी एक दिवस मिळाला. त्या 16 तारखेला रात्री पावणेदहाला माझ्या कोल्हापुरात शाहूपुरीतल्या ऑफिसातला मधला कॉम्प्युटर जो गोल गोल फिरत बसला तो बसलाच. मी पोर्टलला शिव्या घालत होते. तेवढ्यात आमच्या सुजाताने स्वतःच्या मोबाइलवर तेच पोर्टल उघडून माझ्यापुढे धरलं. व्यवस्थित चाललं होतं. ती काही बोलली नाही, पण मला कळायचं ते कळलं.

ऑफिसात असे तीन टॉवर होते, 2014 साली घेतलेले. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम, आत घरघरणारी हार्ड डिस्क. त्यात विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबरला बंद होणार होते, आणि विंडोज 11 ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे एसएसडी (वेगवान डिस्क) टाकून आणखी दोन वर्षं ढकलू, हा माझा नेहमीचा बेतही बाद. नव्या तीन मशिनचं कोटेशन आणलं ते दीड लाखाच्या वर. घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

भाचा म्हणाला, "मावशी, कंपनीच्या आउटलेटवर बघितलंस काय?" मला वाटलं, हा सेकंडहँडच्या दुकानाबद्दल बोलतोय. तसं नव्हतं. रद्द झालेल्या ऑर्डरी, गिऱ्हाइकाने परत पाठवलेला माल, खोक्याला पोचा पडला म्हणून अडकलेलं, मोठ्या ऑफिसांकडून भाड्याची मुदत संपून आलेलं, असं सगळं कॉम्प्युटर बनवणारी कंपनी स्वतः तपासते, विंडोज नव्याने टाकते आणि वॉरंटी देऊन विकते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे.

तिथे 'मला असं हवं' म्हणायची सोय नसते. जे आहे ते आहे. सकाळी बघून ठेवलेलं दुपारी गेलेलं असतं. दहा-बारा दिवस मी चहाचा कप हातात घेऊन रोज यादी बघत होते, गुजरीतले लोक सोन्याचा भाव बघतात तशी.

सुरुवातीला मी उलटं करत होते. 16 जीबी रॅम, मोठी डिस्क असलेलं मशिन शोधायचं आणि किंमत बघून नाक मुरडायचं. भाच्याने सांगितलं, प्रोसेसर आणि मदरबोर्ड नंतर बदलत नसतात, पैसे त्याला दे. रॅम, डिस्क आपण घालू. फक्त रॅम बोर्डावरच डकवलेली नाही ना, आणि एक स्लॉट रिकामा आहे ना, तेवढं बघ. मग नजर फिरली. बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह, 12500टी, सहा कोर, फक्त 35 वॉटचा, पण रॅम 8 जीबी आणि डिस्क 256 म्हणून कुणी न उचललेली तीन छोटी डेस्कटॉप दिसली. जाडजूड वहीएवढी डबी. एकेक साधारण 24,000 ला, कर वेगळा.

मी कर सल्लागार, त्यामुळे बिलाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. जुना माल विकणारा डीलर बरेचदा मार्जिन स्कीमखाली, म्हणजे सीजीएसटी नियम 32(5) प्रमाणे विकतो. कर त्याच्या नफ्यापुरता, बिलात वेगळा दिसत नाही, आणि आपल्याला क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची आपल्या करातून वजावट) शून्य. इथे सरळ 18 टक्के लावलेलं टॅक्स इन्व्हॉइस मिळालं. ऑफिसचा जीएसटी नंबर घातला होता, क्रेडिट आलं. स्वस्त कोण ते ठरवताना माझे क्लायंटसुद्धा हे विसरतात.

डबीच का, तर 2019 चा पूर. व्हीनस कॉर्नरकडून पाणी आत आलं तेव्हा टेबलाखालचे दोन टॉवर आम्ही रात्री जिन्यावरून वर नेले होते. वायरी ओढून काढल्या, एकाचं बटण तुटलं. 2021 ला पुन्हा तीच कसरत. ही डबी मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूंवर बसते. पाणी आलं तर पिशवीत घालून चालू पडायचं.

खोकी आली. दोन बरोबर. तिसरं चालू केलं तर डिस्क 256 ऐवजी 128. चार फोन झाले. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी सिरीयल नंबर पहिल्यापासून. म्हणे अख्खं मशिन परत पाठवा. मी ऑर्डरचं पान पीडीएफ करून ठेवलं होतं (सवय!), ते पाठवल्यावर पंधरा दिवसांनी फरकाचे पैसे परत आले. यादीतून माल गेला की ते पानही गायब होतं, म्हणून सांगते.

रॅमच्या बाबतीत मात्र चूक आमचीच. बाराव्या पिढीला डीडीआर5 जातीची रॅम चालते असं वाचून मी राजारामपुरीतून तशा तीन पट्ट्या आणल्या, लॅपटॉपला लागतात त्या छोट्या मापाच्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, मागचा स्क्रू काढला, झाकण सरकवलं. भाचा पट्टी तिरकी धरून दाबतोय, काढतोय, पुन्हा दाबतोय.

"मावशी, बसंना झालीया."

"जोर नको लावूस."

मग त्याने आतली पट्टी काढून नवीच्या शेजारी ठेवली. लांबी तीच, पण मधली खाच दोन-चार मिलिमीटर सरकलेली. बोर्ड आधीच्या डीडीआर4 रॅमचा होता. त्या पिढीत दोन्ही प्रकारचे बोर्ड येतात. झाकण न उघडताही कळलं असतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली वेग 3200 दिसत होता, डीडीआर5 असती तर 4800 किंवा वर. तिथेच 'दोनपैकी एक स्लॉट वापरात' हेही लिहिलेलं असतं. दुकानदाराने कुरकुर न करता दोन बदलून दिल्या, तिसरीचं पाकीट फाटलं होतं म्हणून घेईना. "ताई, आधी जुन्या पट्टीचा फोटो काढून आणायचा की हो," म्हणाला. खरंच होतं.

दोन पट्ट्या बसल्या. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा ज्या मशिनवर आहे तिथे 1 टीबीची एसएसडी घातली. विंडोजच्या लायसन्सचं मला टेन्शन होतं, पण ते बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच असल्यामुळे नव्या डिस्कवर आपोआप चालू झालं. खोळंबा झाला तो भलत्याच गोष्टीने. आमचे मॉनिटर जुन्या व्हीजीए केबलचे, आणि डबीला फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. तीन कन्व्हर्टर आणेपर्यंत एक अख्खा शनिवार गेला. पुढच्या बाजूला यूएसबी मोजून घेतलेत हे बरं केलं, नाहीतर डिजिटल सहीचं टोकन लावायला सुजाता दिवसभर मॉनिटरमागे हात घालत बसली असती.

तिसरी पट्टी दिवाळीनंतर घेऊ म्हटलं. डिसेंबरमध्ये विचारलं तर सप्टेंबरच्या दुपटीहून जास्त भाव. मेमरीचे कारखाने एआयच्या डेटा सेंटरना माल देण्यात गुंतलेत, त्याचा फटका राजारामपुरीपर्यंत आला. माझं मशिन अजून 8 जीबीवरच आहे.

जुने टॉवर भंगारात दिले, पण डिस्क काढून ठेवल्या. त्यात अकरा वर्षांचे लोकांचे पॅन, आधार, बँकेचे उतारे. नुसतं फॉरमॅट करून द्यायला मन होईना. शेवटी उद्यमनगरात ह्यांच्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. त्याने पहिली डिस्क ड्रिलखाली पकडली आणि विचारलं, "वहिनी, किती भोकं पाडू?"

"तीन पाडा."

चकचकीत तबकडीचा कीस टेबलावर पडत होता. एका डिस्कवर माझ्याच हाताने स्केचपेनने लिहिलेलं '2016-17 ऑडिट' होतं. बरोबर त्याच्यावरून ड्रिल गेलं.