सिग्नल नंबर तीन

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाची रांग लागली, की कोणी ना कोणी विचारतंच. "तू इथे मेलबर्नमध्ये, तुझी हिशेब करणारी टीम तिकडे फिलिपिन्समध्ये. एवढ्या लांबून माणसं सांभाळायला मालकात नेमकं काय लागतं गं?" इतकी वर्षं मी "पेशन्स" म्हणून पुढे सरकत आले. यंदा तिळगुळाच्या कार्यक्रमात एकाच संध्याकाळी दोघांनी विचारलं, वर एका काकांनी "पण आपली पुण्याची मुलं का नाही घेतलीस?" हेही ऐकवलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते.

काकांचं आधी. मेलबर्नला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मनिलात सहा किंवा सात वाजलेले असतात, पुण्यात साडेतीन किंवा साडेचार. रोज पहाटे साडेतीनला हिशेब घेऊन बसा, असं मी कोणाच्या मुलांना सांगू? आणि हो, पैशाचंही आहे. इथल्या एका बुककीपरच्या पगारात तिथे तिघी मिळतात. हे चारचौघांत बोलत नाही, कारण बोललं की ऐकणारा एकतर शाबासकी देतो नाहीतर नजर फिरवतो. तिथल्या बाजारभावापेक्षा मी जास्त देते. हे वाक्य मी किती घाईने लिहिलं बघा.

आता मूळ प्रश्न. या धंद्यात नवीन आलेल्याला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी 'हिया' हा शब्द शिकवतं. हिया म्हणजे साधारण आपली भीड. फिलिपिनो माणूस भिडेपोटी नाही म्हणत नाही, अडचण सांगत नाही, "नोटेड, मॅम" लिहितो आणि गप्प बसतो, अशी ती शिकवणी. मीही ती पुढे दिली आहे. धंदा सुरू करणाऱ्या एका मित्राला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की त्यांच्या 'हो'वर जाऊ नकोस, दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर लाव. मी लावलंच होतं.

१६ डिसेंबर २०२१, गुरुवार. नाताळच्या बंदआधीचा शेवटचा पगार. आमचा एक बांधकामवाला क्लायंट, त्याच्या माणसांना सुट्टीचे पैसेही त्याच पगारात जायचे होते. ते काम जेनकडे होतं (नाव बदललंय). ती सेबू शहराला लागून असलेल्या तालिसायची. सकाळी तिचा मेसेज आला, "मॅम, वी आर नाऊ सिग्नल नंबर थ्री."

मला वाटलं, नेटची रेंज. मी लिहिलं, "ओके, मोबाइल डेटा वापर." आणि खाली 'ठीक'चा अंगठा.

तिथलं हवामान खातं वादळाच्या वाऱ्याला एक ते पाच असे सिग्नल देतं. तीन म्हणजे घरावरचे पत्रे सांभाळा. वादळाचं तिथलं नाव ओडेट, बाकी जगात राय. दुपारी ते सियारगाव बेटावर आदळलं आणि रात्री सेबूवरून गेलं. मी त्या वेळी वैतागून सॉफ्टवेअरच्या पानाकडे बघत होते. जेनच्या नावापुढे दुपारपासून राखाडी पट्टी, शून्य मिनिटं.

शुक्रवारी सकाळी मी तीन मेसेज केले. पहिला, "पगाराचं कुठपर्यंत आलंय?" दुसरा, "जेन, प्लीज उत्तर दे." तिसरा मी इंग्रजीतच होता तसा सांगते, "धिस इज व्हेरी अनप्रोफेशनल." तिन्हींवर एकच टिक. रात्री पगार मीच केला, नवऱ्यावर चिडचिड करत. बातम्या शनिवारी पाहिल्या. पुसता येतील का म्हणून मेसेज उघडले, तर मुदत टळून गेली होती.

सोमवारी तिन्ही मेसेज एकदम पोचले, म्हणजे तिने ते एकाखाली एक, त्याच क्रमाने वाचले. उत्तर आलं, "सॉरी मॅम फॉर द डिले. पगार आज करते." घराचं काही नाही. घराचे पत्रे उडाले होते हे मला टीममधल्या दुसऱ्या, दावाओ शहरातल्या मुलीकडून कळलं. जेन फोन चार्ज करायला एका हॉटेलाच्या लॉबीत तीन तास रांगेत उभी होती, आणि चार्ज झाल्यावर तिने पहिलं काम केलं ते मला सॉरी म्हणायचं. महिनाअखेरीच्या बिलातून तिने ते दिवस स्वतःच वजा केले होते.

मी लगेच पैसे पाठवले. उदारपणे, असं तेव्हा मला वाटलं. ते गेले जीकॅशच्या, म्हणजे तिथल्या फोनवरच्या वॉलेटमध्ये. सेबूत वीज नाही, नेटवर्क नाही, एटीएम बंद, दुकानदार फक्त रोख घेतोय. माझा उदारपणा त्या फोनमध्ये कित्येक दिवस नुसता पडून होता.

आता यात मला सगळ्यात लागतं ते वेगळंच. मी सांगलीची. ऑगस्ट २०१९ च्या पुरात माझ्या आईवडिलांच्या घरात पाणी शिरलं होतं. मेलबर्नमध्ये बसून मी रात्रभर एकच आकडा बघत होते, आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि त्या वर्षी ती सत्तावन्न फुटांवर गेली. आमच्याकडे कोणी नुसतं "पंचेचाळीस झाली" म्हटलं तरी माणूस धान्य माळ्यावर चढवायला लागतो. जेननेही मला तिच्या गावची पातळीच कळवली होती. स्पष्ट, वेळेवर, आकड्यासकट. मग भीड कुठे आली यात?

मागची मी म्हणते, आली की. पत्र्यांचं तिने का नाही सांगितलं? सिग्नलचा अर्थ का नाही समजावला? मी काय मनातलं ओळखायचं?

याचं उत्तर द्यायला मला २०१९ मध्ये जावं लागतं, आणि ते मी कार्यक्रमात सांगत नाही. फिलिपिन्समध्ये १९७५ च्या एका हुकुमाने सुरू झालेला तेरावा पगार, म्हणजे वर्षाच्या बारा पगारांवरचा एक जादा, नोकरदाराला २४ डिसेंबरच्या आत द्यावा लागतो. माझी माणसं कंत्राटी, त्यामुळे कायदा मला लागू नाही. त्या वर्षी एकीने विचारलं, "मॅम, तेरावा मिळेल का?" मी तिला करारातलं कलम कॉपी करून पाठवलं. पुन्हा कोणी काही मागितलं नाही, आणि टीम समाधानी आहे असं मी समजून चालले. जेन तेव्हा नवीन होती, त्याच ग्रुपवर होती.

तेरावा आता देते. स्क्रीनचे फोटो बंद केले, तास मात्र अजून मोजते, कारण क्लायंट तासांवर पैसे देतो. "मग पूर्ण विश्वास कुठे आहे?" असं नवरा विचारतो. नाहीये. बिलं भरायची असतात.

सेबूचं हवामान आता माझ्या फोनवर सांगलीच्या खाली असतं. ३० सप्टेंबर २०२५ ला तिथे ६.९ चा भूकंप झाला आणि महिन्याभराने, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, टिनो वादळाने तालिसायमध्ये नदीचं पाणी घराघरांत घातलं. या वेळी मी आदल्या दिवशीच लिहिलं, "उद्यापासून तीन दिवस लॉगिन करायचं नाही. पैसे कापणार नाही." उत्तर आलं, "नोटेड, मॅम."

तिसऱ्या रात्री तासांचं पान उघडलं तर जेनच्या नावापुढे दोन तास. घर कोरडं होतं, ते मी आधीच विचारलं होतं. मी लिहिलं, "अगं, सांगितलं होतं ना?"

"बोअर झालं, मॅम," ती म्हणाली, आणि पुढे हसरा चेहरा.