नॉर्वेला कधी जायचं? मी म्हणतो, मृगाच्या आधी

आई-बाबांना एकदा तरी दूर कुठंतरी न्यायचं आणि नेलं तर हात आखडता न घेता न्यायचं हे घरात ठरलं तेव्हापासून नॉर्वेचं नाव चालू होतं. आता जाऊन आलो, तर आमच्या वरूड-मोर्शीकडचे बरेच लोक विचारून राहिले की खर्च किती आला. खर्चाचं सांगतो सगळ्यांना, पण माझ्या मते त्याच्या आधी विचारायची गोष्ट म्हणजे कधी जायचं. कारण इतक्या उत्तरेकडच्या देशात हंगाम बदलला की देशच बदलतो, आणि चुकीच्या महिन्यात सगळ्यात महागडी खोली घेतली तरी खिडकीबाहेर जे नाही ते दिसणार नाही.

सगळ्यांच्या डोक्यात असतात नॉर्दर्न लाइट्स. हिरवे पडदे आकाशात हलतात ते. ते बघायला अंधार लागतो, म्हणून साधारण सप्टेंबर ते मार्चअखेर. उन्हाळ्यात उत्तरेत रात्रच होत नाही तर दिसणार कुठून? म्हणजे मध्यरात्रीचा सूर्य आणि नॉर्दर्न लाइट्स एकाच ट्रिपमध्ये होत नाहीत, काहीतरी एक निवडावंच लागतं. आणि बरेच जण डिसेंबर पकडतात, नाताळ, बर्फ, फोटो म्हणून. पण पार उत्तरेकडच्या ट्रोम्सोसारख्या गावात नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, दुपारी दोन-चार तास निळसर उजेड आणि मग परत काळोख. ज्यांना तेच अनुभवायचं त्यांनी जरूर जावं, पण सत्तरीच्या जवळ आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला घसरड्या बर्फावरून रात्री अकरा वाजता आकाश बघायला नेणं मला पटत नव्हतं. त्यात ढग आले तर काहीच नाही, कितीही पैसे भरा, गॅरंटी कोणी देत नाही.

मग उरला उन्हाळा. बहुतेक टूरवाले जुलै सांगतात, पण जुलैत तिथल्या लोकांच्याच सुट्ट्या असतात, फियोर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाड्यांत, मोठमोठी क्रूझ जहाजं, सगळं फुल आणि भाव चढलेले. आणि आपल्याकडे? जुलैत शेतकऱ्याला घर सोडणं शक्य आहे का? पेरणी, डवरणी, खतं, बागेला बहार फुटलेला.

म्हणून आम्ही काढलं मे महिन्याचं दुसरं पंधरवडं, ते मृग लागायच्या आत परत. आमच्याकडे संत्र्याचा मृग बहार, म्हणजे मृगाच्या पावसावर येणारं फूल, धरतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडा होऊन पैसा हातात आलेला असतो आणि मे महिन्यात बाग ताणावर सोडलेली असते. पाणी द्यायचंच नसतं, पानं मलूल झाली तरी हात बांधून बसायचं. वर्षातून बाबांना बागेपासून लांब ठेवता येईल असा हाच एक काळ. पोरांच्या शाळाही आपल्या विदर्भात जूनच्या शेवटच्या आठवड्यातच उघडतात. आणि नवतपा! ज्या दिवसांत इथं पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही, त्या दिवसांत बर्गनला स्वेटर घालून फिरायचं. बाबांचं आधी होतं, "इतक्या लांब कायले जायाचं, पैसे का झाडाले लागते?" पण तारखा ऐकल्यावर म्हणाले, "हाव, नवतप्यात चालते."

आता तिथलं मे काय असतं ते सांगतो, कारण हे कोणी नीट सांगत नाही.

17 मे हा त्यांचा राष्ट्रीय दिवस, 1814 साली त्या दिवशी त्यांची राज्यघटना झाली. बर्गनमध्ये आम्ही तो बघितला. रणगाडे नाहीत, बंदुका नाहीत, शाळेतली पोरं झेंडे घेऊन चाललेली आणि बायामाणसं आपापल्या भागाच्या भरतकाम केलेल्या पोशाखात. आईने एका आजीच्या चांदीच्या बटणांना हात लावून बघितला, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही तरी दहा मिनिटं बोलत होत्या. बर्गनला पाऊस मात्र वर्षातले 200 च्या वर दिवस पडतो, तेव्हा छत्रीपेक्षा चांगलं जाकीट न्या.

तिथून गाडी आणि ड्रायव्हर घेऊन हार्डांगरला गेलो. हा त्यांचा सफरचंदाचा पट्टा, आणि मे महिन्याच्या मधल्या-शेवटच्या दिवसांत ती झाडं फुलावर असतात. खाली फियोर्डचं पाणी, वर डोंगरावर अजून बर्फ, आणि मधल्या उतारावर पांढरी-गुलाबी बाग. बाबा तिथून हलेनात. बुंध्याशी कलम कुठं बांधलंय, दोन झाडांत अंतर किती, मधमाश्यांच्या पेट्या कुठल्या बाजूला ठेवल्या, सगळं वाकून वाकून बघितलं. मालक भेटला, माझ्यामार्फत दोघं बोलले. त्याला भीती झाडं फुलावर असताना रात्री पडणाऱ्या गोठलेल्या दहिवराची, बाबांना भीती गारपिटीची. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जुलैत गेलो असतो तर फुलं नसती, हे मी मुद्दाम सांगतो.

धबधब्यांचंही तसंच. मे-जूनमध्ये वरचा बर्फ वितळतो म्हणून ते भरून वाहतात. स्टाइन्सडाल्सफॉसेनला तर पाण्याच्या मागून पायवाट आहे, कोरडंच जाता येतं, आईसुद्धा गेली. उलट बाजू पण आहे, उंचावरचे काही घाटरस्ते तेव्हा उघडलेले नसतात. ट्रोलस्टिगेनचा नागमोडी घाट बघायचाच असेल तर आणखी पुढे, उन्हाळ्यातच जावं लागतं.

मग बर्गनहून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारं जहाज. 1893 पासून हा हुर्टिगरुटेन मार्ग चालू आहे, सामान नेता नेता उत्तर टोकाच्या किर्केनेसपर्यंत 34 बंदरं घेतो. लक्झरीचा पैसा मी इथं घातला, मोठ्या खिडकीची केबिन, आणि मे महिन्यात तो वसूल होतो कारण चोवीस तास उजेड. ट्रोम्सोला साधारण 20 मे नंतर सूर्य मावळत नाही. सूर्य न मावळलेल्या पहिल्या रात्री आई बॅगेतलं छोटं निरांजन काढून बसली आणि विचारते, "दिवेलागण कवा म्हणायची आता?" केबिनमध्ये ज्योत पेटवायला मनाई असते हे सांगितलं, तर नुसतं निरांजन खिडकीत ठेवून हात जोडले तिनं, समोर रात्री साडेअकराचं ऊन. झोपेसाठी जाड पडदे असतात, तरी डोळ्यांची पट्टी न्या.

ज्यांना लाइट्सच बघायच्या त्यांच्यासाठी माझं मत, डिसेंबर नको, मार्च बघा. दिवस मोठा झालेला असतो, रात्र अजून काळी असते, आणि विषुवदिनाच्या आसपास लाइट्सचा जोरही जास्त असतो असं शास्त्रज्ञ सांगतात. कापूसवाल्यांना ते जमण्यासारखं आहे, वेचणी आटोपलेली असते. मृग बहारवाल्यांना नाही, तेव्हा बागेत व्यापारी असतो.

नॉर्वेला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मे साठी दिवाळी आटोपली की लागा, उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाही. विमा किमान 30,000 युरोचा लागतो. आणि बॅग भरताना तूप, पेढे, खवा काढून ठेवा, बाहेरच्या देशातलं दूधदुभतं तिथं आत नेऊ देत नाहीत. जवसाची चटणी आणि शेवया चालतात, आमच्या गेल्या.