नागपुरी संत्र्याचं डच नाव आणि आपला मंत्री

वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या संत्र्याला डच भाषेत काय म्हणतात हे शोधायला गेलं, की आधी ‘सिनासआपल’ हा शब्द हाती लागतो. तो घेऊ नका. शब्दाची वंशावळ काढण्याआधी फळ ओळखायला हवं. आपल्या संत्र्याची साल ढिली असते; देठाशी अंगठा घातला की सुटते, फोडीही सहज वेगळ्या होतात. सिनासआपल म्हणजे घट्ट सालीची मोसंबी.

त्या शब्दाचा उलगडा सोपा आहे. ‘सिना’ म्हणजे चीन, ‘स’ षष्ठीचा, ‘आपल’ म्हणजे सफरचंद. जुन्या डचमध्ये बऱ्याच फळांना ‘आपल’ लागायचं. डाळिंब आजही तिथे ‘ग्रानातआपल’च आहे, आणि बटाटा ‘आर्दआपल’, म्हणजे जमिनीतलं सफरचंद.

आपल्या संत्र्याला जवळचा डच शब्द ‘मांदारैन’, आणि खरी गंमत याच्यात आहे. फळाचं हे नाव फ्रेंचमधून डचमध्ये आलं. मूळ शब्द मात्र फळाचा नव्हे, चिनी दरबारी अधिकाऱ्याचा: पोर्तुगीज ‘मांदारिं’. पोर्तुगीजांनी 1511 मध्ये मलाक्का, म्हणजे आजच्या मलेशियातलं बंदर, घेतलं. तिथल्या मलय भाषेत अधिकाऱ्याला ‘मंतरी’ म्हणत, आणि तो शब्द संस्कृत ‘मन्त्रिन्’चा. म्हणजे डच बाजारातल्या या फळाच्या नावात आपला मंत्री बसलेला आहे!

इथे एक अडचण येते: ‘मंतरी’तल्या ‘त’चा ‘द’ कसा झाला? पोर्तुगीजमध्ये हुकूम देणं म्हणजे ‘मांदार’. परका शब्द ओळखीच्या शब्दाकडे ओढला गेला. असा बदल दिसला की त्या भाषेतला सारखा वाटणारा शब्द शोधायचा आणि अर्थही जुळतो का ते बघायचं. नुसत्या ध्वनीवर विसंबलं की घात होतो.

‘ओरान्ये’ या शब्दाबाबत नेमकं तेच होतं. नारिंगी रंगाचं हे डच नाव आपल्या ‘नारिंग’च्याच घराण्यातलं: संस्कृत नारङ्ग, फारसी नारंग, अरबी नारंज, मग फ्रेंच, मग डच. पण डच राजघराण्याचं ओरान्ये हे नाव दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज गावावरून आलंय. त्या गावाचं रोमन काळातलं नाव अराउसिओ. ती जहागीर 1544 मध्ये या घराण्याचा संस्थापक, नासाऊचा विल्यम, याला वारशाने मिळाली. गावाचं नाव आणि फळाचं नाव उच्चाराने पुढे एक झाले, मुळं मात्र वेगळी आहेत. म्हणून प्रत्येक टप्प्यावर शब्दाचं सर्वांत जुनं लिखित रूप आधी शोधावं.